मध्यम

माहितीपत्रकात लिहिलंय : चढ मध्यम.
लॅमिनेशन करताना मी तो शब्द तीनदा वाचला.
गरम रोलरमधून कागद बाहेर आला,
शब्द तसाच, फक्त गुळगुळीत.

आमच्या गावात मध्यम कुणी मागत नाही.
मिसळीच्या गाड्यावर पाहुण्यालाच विचारतात,
आणि पाहुणा मध्यम म्हणाला की
कट ओतणारा हात क्षणभर थांबतो.

उंचीचंही तेच.
आम्हाला फूट कळतात ते राजाराम बंधाऱ्यावरचे.
एकोणचाळीस म्हणजे इशारा.
त्रेचाळीस म्हणजे गाद्या माळ्यावर,
झेरॉक्सचं मशीन चौघांनी उचलून
शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर.
शहनाज विचारते, खिंड किती?
मी सांगते, तेरा हजार नऊशे.
"मग तिथं पूर न्हाई येत," ती म्हणते,
आणि स्लीपिंग बॅगची चेन वीतभर वाढवायला घेते.

गौरी-गणपती उरकले की मंगळवारची निजामुद्दीन.
पुढे बस, पुढे जीप, पुढे ते खोरं,
ज्याचं नाव आम्ही तिघी तीन तऱ्हांनी घेतो.
सहा दिवसांच्या जेवणात सहा वेळा बटाटा.
पद्मजा उपाध्ये बटाटा खात नाही,
दिवस मावळल्यावर तर काहीच नाही.
तिने पत्र पाठवून विचारलंय,
तुमच्याकडे सूर्य नक्की किती वाजता मावळतो,
डोंगराआड गेला की, का खरोखरचा?
उत्तर अजून आलेलं नाही.

मुळात हे सगळं हौसाक्काचं.
रंकाळ्याच्या कट्ट्यावर बुटाची लेस बांधता बांधता
तीच म्हणाली होती, "बर्फ बघून येऊया की गं.
फ्रीजमधला न्हवं."
शाहूपुरीच्या अडतीवर चौतीस वर्षं दिवाणजी.
तिनेच चार नावांचा हिशेब मांडला,
गाडीभाडं, खेचराचं भाडं, वर दहा टक्के चुकीचे.
डॉक्टरांनी तीन फॉर्मवर सह्या केल्या.
चौथा वाचला, परत वाचला,
आणि पेनाला टोपण लावलं.
तो टक् आवाज मला अजून
दुकानात स्टेपलर दाबताना ऐकू येतो.

दोन दिवस ती फिरायला आली नाही.
तिसऱ्या दिवशी आली ती शिट्टी घेऊन,
भावाच्या तालमीतली, पितळी.
"सॅकमध्ये दगड कशाला भरताय? गूळ भरा.
दगड परत कोण घेतंय?"

म्हणून आता रविवारी पहाटे जोतिबा,
पाठीवर दहा किलोची ढेप.
चैत्र यात्रा होऊन आठवडा झालाय,
पायऱ्यांच्या सांध्यांत अजून गुलाल आहे,
नवे बूट गुलाबी होऊन घरी येतात.
हौसाक्का रिक्षाने वर जाऊन बसते,
मांडीवर वही, वहीत आमची मिनिटं
जमा आणि नावे, लाल शाईत उशीर.
परवा वर पोचून सॅक उघडली
तर आधीच मुंग्या पोचलेल्या.
ती एवढी हसली की
आम्ही तिघी तिच्या श्वासाकडे बघत राहिलो,
आणि ते तिला कळलं.

फॉर्मचा शेवटचा रकाना :
संकटकाळी कुणाला कळवायचं.
भावाचा नंबर लिहिला. तो उचलत नाही, म्हणून खोडला.
सोडचिठ्ठीला अकरा वर्षं झाली, तोही नंबर पाठ आहे,
तो नाही लिहिला.
मग हौसाक्काचा लिहिला,
आणि पुढच्या चौकटीत अडकले : अर्जदाराशी नातं.

पायरीवर बसून तिलाच विचारलं.
तिने चष्मा वर सरकवला, ढेपेचा कोपरा फोडून
एक खडा माझ्या हातावर ठेवला.
"दिवाणजी लिही."
तिथं रेंज नसते, मी म्हटलं. कळणार कसं तुम्हाला?
"उशिरा कळंल. मांडून ठीवीन."

खाली धुकं होतं, त्यात कुठेतरी वाडी रत्नागिरीचा
पहिला दूधवाला हॉर्न देत होता.
पद्मजा अजून शेवटच्या वळणावर.
हौसाक्काने शिट्टी तोंडाला लावली,
फुंकली नाही,
घड्याळाकडे बघत नुसती धरून ठेवली.